खंडेनवमीला पुसलेला आवाज

मला बोलता येत नाही. गळ्यातलं स्वरयंत्र काढून टाकलं आहे. गळ्याच्या खालच्या खळगीत एक भोक आहे, त्यातून मी श्वास घेते. शाळा चौथीपर्यंत झाली म्हणून लिहिता तरी येतं. तोंडानं सांगता आलं असतं तर लिहायच्या भानगडीत पडले नसते.

डॉक्टरांनी विचारलं होतं, तंबाखूची मिश्री लावता का. मी म्हटलं, लग्नाच्या आधीपासून. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

माझी थोरली बहीण साताऱ्यात तिच्या मुलाकडे असते. मी तिला आक्का म्हणते. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले आहेत. मी सांगलीला विश्रामबागेत माझ्या मुलाकडे राहते. रोज सकाळी आमचं फोनवर बोलणं व्हायचं. बोलणं म्हणजे भांडणच. आज भाजी काय केली इथून सुरू व्हायचं आणि आईनं आपल्या दोघींत जास्त जीव कुणाला लावला इथं जाऊन अडकायचं. शेवटी ती म्हणायची, "ठिव आता, कान दुखाय लागला." दुसऱ्या दिवशी तोच कान लावून परत हजर.

ऑपरेशन ठरलं तेव्हा मला मरणाची फार भीती वाटली नाही. भीती वेगळीच होती. मी मुकी झाल्यावर आंधळ्या माणसाशी बोलायचं कसं? लिहून दाखवावं तर तिला दिसत नाही, हातवारे करावेत तर दिसत नाहीत. व्हिडिओचा फोन तिच्या काय कामाचा? ऑपरेशनच्या आधी डोक्यात दुसरं काही नव्हतं.

माझा मुलगा कॉम्प्युटरचं काम करतो. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं ऑफिस आहे. दवाखान्यांचे, दुकानांचे प्रोग्रॅम त्याच्या मशीनवर चालतात. त्या मशीनला सर्व्हर म्हणतात. त्याला टीव्हीसारखा पडदा नाही, नुसती काळी पेटी, सदानकदा घुमत असते. ती विंडोजवर नाही, लिनक्सवर चालते, असं तो आल्यागेल्याला अभिमानानं सांगतो. त्यात अभिमानासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

तो म्हणाला, "आई, एक प्रोग्रॅम हाय. तुझा आवाज त्यात आधी भरून ठिवायचा. मग तू फोनवर नुसतं टाइप करायचं, तो तुझ्या आवाजात बोलतो."

"माझ्याच?"

"तुझ्याच."

"आक्काला फसवायचं म्हण की."

"फसवायचं कशाला? शब्द तुझेच, आवाज तुझाच. फकस्त तोंड मशीनचं."

मग आवाज भरायचं काम सुरू झालं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून सुनेनं घरातल्या सगळ्या वाकळा-गोधड्या दारंखिडक्यांवर टांगल्या. आत इतकं उकडायचं की बसवत नसे. तोंडापुढं माइक धरून मी पडद्यावर येईल ते वाक्य वाचायचं. वाक्यं काय तर, "आज राज्यात हवामान कोरडे राहील." "कृपया आपले सामान सांभाळा." मी म्हटलं, असलं मी जन्मात कधी बोलले नाही. आक्काला हवामान सांगू काय? मग मुलानं मला माझं माझं बोलू दिलं. तेव्हा मी जोरात सुरू झाले. आक्काला रोज देते त्या सगळ्या शिव्या दिल्या. आमटीत किती गूळ घालायचा ते सांगितलं. सून बाहेर हसत होती, तिचं हसणंही त्यात आलं. आवाज तेव्हा घोगरा झालेला होता, दुखतही होतं, पण तो माझा होता.

दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी आक्काला फोन केला. तिला सांगितलं, गळ्याचं बारीकसं ऑपरेशन आहे, थोडे दिवस बोलता येणार नाही, दसऱ्याला तुझ्याशी बोलते. खरं काय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला बीपी आहे, म्हणून तिच्या मुलानं सगळ्यांना बजावलेलं. ती म्हणाली, "बारीक हाय न्हवं? मग एवढी भ्याल्यागत का बोलतीस?"

ते माझ्या आवाजातलं तिच्याशी शेवटचं बोलणं. त्याला उत्तर काय दिलं ते आठवत नाही.

घरी आले तेव्हा नवरात्र चालू होतं. नाकात नळी, गळ्यात नळी. मुलगा म्हणाला, त्या प्रोग्रॅमचा नवीन अवतार आलाय, तो मराठी जास्त चांगलं बोलतो, तो आधी घालतो आणि दसऱ्याला तुझा आवाज तयार करतो. मी मान हलवली.

आमच्या घरात खंडेनवमी मोठी असते. सासरे पलटणीत होते. ते असताना घरातलं एकूण एक हत्यार, खुरपी, कोयते, पहार, कुऱ्हाड, सगळं त्या दिवशी घासून, गंज काढून पाटावर मांडायचे. पुजेला बसणाऱ्या हत्याराला कालची घाण चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलाकडे खुरपं नाही, तो ही मशीन मांडतो. दरवर्षी खंडेनवमीला तो सगळ्या मशीनवरचे जुने प्रोग्रॅम काढून नवे घालतो, पंख्यातली धूळ फुंकून काढतो आणि मग हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालतो. त्याची गिऱ्हाइकंही हसतात त्याला. पण सणाच्या दिवशी त्यांचीही दुकानं बंद असतात, त्यामुळे काम सोयीचं पडतं.

त्या दिवशीही त्यानं तेच केलं. मी खाटेवरून बघत होते. जुना प्रोग्रॅम काढला, त्याच जागी नवा ठेवला. सुनेनं पेटीला ओवाळलं. मला प्रसाद देता येत नव्हता म्हणून नळीतून दूध दिलं.

दसऱ्याला सकाळी तो माझा आवाज तयार करायला बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. सून चहा घेऊन गेली ती तशीच परत आली. मग तो आला. खाटेच्या पायाशी उभा राहिला.

"आई, तुझं सगळं पुसलं गेलं."

मी पाटीवर लिहिलं, "काय पुसलं?" बोलायच्या कामासाठी मला पोरांची असते तसली पाटी आणून दिली होती.

"आवाज. त्या प्रोग्रॅमच्या फोल्डरातच होता. मी फोल्डर काढलं."

नंतर बऱ्याच दिवसांनी मी त्याला खोदून खोदून विचारलं तेव्हा मला पूर्ण समजलं. ते असं. प्रोग्रॅम म्हणजे बाहेरून आणलेली वस्तू. जगात सगळीकडे सारखीच असते, बिघडली तर काढून टाकायची, दुसरी आणायची. आणि तो चालताना जे साठत जातं, कुणाचे रिपोर्ट, कुणाचे फोटो, माझा आवाज, ते फक्त इथंच तयार झालेलं असतं. गेलं की दुसरीकडून मिळत नाही. म्हणून या दोन गोष्टी एका जागी ठेवायच्या नाहीत, असा लिनक्सवाल्यांचा नियम आहे. प्रोग्रॅमच्या फोल्डरात कुणाला लिहायची परवानगीच द्यायची नाही. लिहायचं असेल ते सगळं वेगळ्या जागी. त्या जागेचं नावही ठरलेलं आहे, तो व्हार म्हणाला, मला वार ऐकू आलं. गाय व्यायल्यावर पडते ती वार मला माहीत. तिचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध ते मी विचारत बसले नाही.

हा प्रोग्रॅम मात्र असा होता की तो आलेलं सगळं स्वतःच्याच पोटात ठेवायचा. त्याला वेगळी जागा दाखवून द्यावी लागते. मुलानं ती दाखवलेली नव्हती.

"रोजची दुसरी प्रत निघती म्हणतोस. ती कुठाय?" दसऱ्याच्या त्या सकाळीच मी लिहिलं होतं.

"माधवनगरला दुसऱ्या मशीनवर जाती. पण तिच्यात प्रोग्रॅमची फोल्डरं घेत न्हाई. ती काय, परत आणता येतात म्हणून."

"गिऱ्हाइकांचं गेलं काय?"

"न्हाई. त्यांचं सगळं वेगळं ठिवलंय."

"मग माझंच का?"

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "घरचं म्हणून. तात्पुरतं म्हणून केलं. नंतर नीट करू म्हटलं."

मी पाटी खाली ठेवली. सून म्हणाली, "आत्या, कायतरी लिहा की वं त्यास्नी. सकाळपासनं पोटात काय न्हाई." मी लिहिलं, जेवून घे. त्याला बरं वाटावं म्हणून खोटं लिहायची माझी तयारी नव्हती.

त्यानं मशीन बंद करून आतली डिस्क काढली आणि पुसलेलं परत काढून देणाऱ्या एका माणसाकडे नेली. त्या माणसानं सांगितलं, जुन्या जातीची डिस्क असती तर काहीतरी हाती लागलं असतं. ही नवी जात पुसलेली जागा आपली आपणच धुऊन टाकते. मुलगा तिथून चालत घरी आला. गाडी तिथंच विसरला.

आक्का दसऱ्याला दिवसभर फोनपाशी बसली होती. तिचा मुलगा, तो सैन्यातून रिटायर झालेला आहे, त्यानं आमच्याकडं फोन केला. "मावशीला एक शब्द बोलाय सांगा. नुसतं हूं म्हनू दे. म्हातारी हटून बसलीया."

हूं म्हणायलासुद्धा यंत्र लागतं, हे लोकांना माहीत नसतं. मलाही नव्हतं.

मुलानं मग प्रोग्रॅममध्ये आधीपासून असलेला बाईचा आवाज लावला. मी टाइप केलं, आक्का, मी बरी आहे, बोलता येत नाही म्हणून मशीन बोलतंय. मशीननं ते स्वच्छ शुद्ध मराठीत वाचलं. पलीकडं आक्कानं ते ऐकलं. मग म्हणाली, "ही कोण? स्टँडवर स्वारगेटची गाडी लागली म्हणून सांगती ती?"

तिच्या मुलानं तिला समजावलं. ती म्हणाली, "माझी बहीण कुठाय ते सांग आधी. ही भाड्यानं आणलेली बाई नगं मला."

आमचा थोरला भाऊ गेला तेव्हा आक्काला तेराव्यापर्यंत कळू दिलं नव्हतं. तेव्हाही बीपीच होता. रोज तिला सांगायचे, दवाखान्यात आहे, झोपलाय, उद्या बोलेल. तिला ते सगळं पाठ होतं. आता तेच शब्द तिला माझ्याबद्दल ऐकू येत होते. झोपलीया. बोलता येत न्हाई. उद्या.

आम्ही घरातल्या लग्नांचे व्हिडिओ काढले. त्यात कुठं माझा आवाज सापडतो का बघायला सून बसून राहिली. सगळीकडे बँड. एका हळदीच्या व्हिडिओत मी पाठमोरी ओरडत होते, "आधी पाव्हण्यांना वाढा गं, मागनं आपलं बघा!" तेवढंच. त्यावर मागं ताशा वाजत होता. मुलानं त्याच्यावरून आवाज बनवला. तो विहिरीत पडलेल्या बाईनं हाक मारावी तसा आला. मी लिहिलं, हे नको. तो म्हणाला, एकदा ऐकवून तर बघू. मी नको लिहिलं तरी त्यानं ऐकवलं. त्याचा जीव राहत नव्हता.

आक्कानं ते शेवटपर्यंत ऐकलं. तिनं फोन ठेवायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाचा फोन आला. माझ्या मुलानं तो मोठ्या आवाजावर लावला, मी समोरच बसले होते.

"मावशी ऐकतीया का? आवं मावशी, म्हातारीनं तुमच्या नावानं आंघोळ केली."

आम्ही भांडताना एकमेकींना हे हजार वेळा म्हणालो असू, जा, तुझ्या नावानं आंघोळ करते. आता तिनं खरोखर केली. मोरीत जाऊन डोक्यावरनं गार पाणी ओतून घेतलं, सुतकाची आंघोळ. आणि येऊन भिंतीकडं तोंड करून पडली. जेवत नव्हती. कुणी समजावायला गेलं की म्हणे, "तेरावा झाला की मग सांगशीला व्हय? मला ठावं हाय समदं." अंगात ताप भरला होता.

मी पाटीवर लिहिलं, गाडी काढ.

डॉक्टरांनी गळ्यातली नळी निघेपर्यंत प्रवासाला मनाई केली होती. मुलगा म्हणाला, वाटेत श्वास अडकला तर काय करायचं? मी परत तेच लिहिलं, मोठ्या अक्षरात. मग त्यानं डॉक्टरांना फोन केला. ते आधी ओरडले, मग म्हणाले, आणा इकडं, नळी बघू. नाकातली नि गळ्यातली नळी काढली, भोकावर झिरझिरीत कापड बांधलं, सुनेला साफ कसं करायचं ते दाखवलं आणि म्हणाले, जा, पण माझं नाव सांगू नका. 

आष्टा गाव मागं पडलं. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या होत्या. धुरळा आत आला की मला खोकला यायचा आणि तो तोंडातून न येता गळ्यातून यायचा. सून रुमाल घेऊन तयारच बसलेली. मला एकच वाटत होतं की ही म्हातारी माझ्या नावानं सुतक धरून माझ्याआधी मरणार. मुलगा गाडी चालवता चालवता म्हणाला, "आता मी सगळं वेगळं केलंय आई. प्रोग्रॅमच्या फोल्डरला कुलूप घातलंय. कुणीबी काढलं, घातलं, तरी डेटाला हात लागणार न्हाई." त्या वेगळ्या जागेत ठेवायला आता काय आहे, असं मला विचारायचं होतं. पाटी मागच्या सीटवर होती, बरंच झालं.

साताऱ्यात आक्का खाटेवर भिंतीकडं तोंड करून होती. तिचा मुलगा म्हणाला, "आये, मावशी आलीया."

"कुनाच्या मावशीला उठवून आनलंय?"

"आगं खरंच आलीया."

"मग बोल म्हनावं."

मी तिचा हात धरला. तिनं तो चाचपला आणि सोडून दिला. "म्हाताऱ्या बायकांचे हात समद्यांचे सारखेच असत्यात. कोण हाय बाई तू? ह्यांनी सांगितलं म्हणून आलीस, उगं पाप घेऊ नगंस डोक्यावर."

मी माझा चेहरा तिच्या हाताशी नेला. ऑपरेशनमध्ये मी निम्मी झाले होते, गालफडं बसली होती. तिनं बोटं फिरवली आणि म्हणाली, "ही न्हवं. माझी बहीण जाडी हाय."

मला संताप आला. एवढं सांगलीवरून आले, दमले, आणि ही मला नाही म्हणते. संताप आला की ओरडायची माझी जन्माची सवय. मी ओरडायला गेले आणि भोकातून फस्सकन हवा आली, कापड उडालं, खोकला आला आणि कफाचा शिंतोडा तिच्या हातावर उडाला.

तिनं हात मागं घेतला. "हे काय गं?"

मी तिचं बोट धरून भोकाच्या कडेला लावलं. ती दचकली. मग तिनं सगळा तळवा तिथं धरला. श्वास आत जाताना गार, बाहेर येताना गरम. बराच वेळ धरला.

"हितनं श्वास घेतीस?"

मी तिच्या दंडावर थोपटलं.

"भोक पाडलंय तुला?"

परत थोपटलं.

ती तिच्या मुलाकडं वळली, म्हणजे जिकडं तो असावा असं तिला वाटलं तिकडं. "हिचा गळा चिरलाय हे मला का न्हाई सांगितलं? नुसतं बोलायचं बंद झालंय म्हणत व्हता तुमी. कोण मानंल? माणूस आसंच बोलायचं बंद होतंय व्हय?"

"तुला बीपी हाय म्हणून, आये."

"घाल चुलीत त्यो बीपी."

मग तिनं मला खाली वाकायला लावलं आणि कान भोकापाशी आणला. माझी धाप अजून बसली नव्हती. खरखर, शिट्टी, परत खरखर. ती ऐकत राहिली. "पळत आलीस की आशीच वाजायचीस," ती म्हणाली. "हीच हाय. जेवाय वाढा मला."

माझी सून तेव्हा रडली. आम्ही दोघी नाही.

जेवण झाल्यावर आक्कानं एक फोन स्वतःच्या कानाला लावला आणि मला म्हणाली की दुसरा फोन घेऊन बाहेरच्या खोलीत जा आणि त्या भोकाला लाव. माझा मुलगा म्हणाला, मावशी, फोनवर असलं ऐकू येणार नाही. ती म्हणाली, "तू गप. तुझ्या मशीनची अक्कल बघितली." मी बाहेर गेले, कापड बाजूला करून फोन गळ्याशी धरला आणि जोरात श्वास सोडला. आतून ती ओरडली, "आली! आली! आता त्या स्वारगेटवालीला बोलू द्या काय बोलायचं ते."

तेव्हापासून तसंच चालू आहे. सकाळी फोन लागला की आधी मी फुंकते, मग टाइप करते आणि ती परकी बाई माझे शब्द वाचते. ते शब्द माझे वाटत नाहीत. त्या बाईला शिव्या देता येत नाहीत, "मेले" म्हणायचं तर ती कुणीतरी खरंच मेलंय असं म्हणते. जे गेलं ते गेलंच आहे. मुलगा म्हणतो, तंत्र सुधारतंय, थांब. मी थांबलेली नाही.

माझी बोटं हळू चालतात. एक वाक्य लिहून होईपर्यंत आक्का भाजीवरून आईवर आणि आईवरून कुणाच्या तरी सुनेवर पोचलेली असते. मग मी लिहिणं सोडते आणि नुसता फोन गळ्याला लावते.

"फुसफुसू नगंस," ती म्हणते. "आईनं तुझेच लाड केले, हे खरंच हाय."